व्हीआर सिममध्ये डोकं कलवलं की कॉकपिट अडकतं, थोड्या वेळाने सगळंच सरकतं. दोष सिमचा की हेडसेटचा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. विमानांचं वेड लहानपणापासूनचं, पण सिम (विमान उडवण्याचा सिम्युलेटर) आजवर मॉनिटरवरच उडवलं. यंदा मामेभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा त्याचा वापरलेला व्हीआर हेडसेट माझ्यासाठी घेऊन आला. ज्यात कॅमेरे हेडसेटवरच असतात तो प्रकार. पीसीला यूएसबी केबलने जोडतो. स्टिक, थ्रॉटल आणि रडर पेडल आधीपासून आहेत.

पहिल्यांदा आत बसलो तेव्हा किती तरी वेळ इंजिनच सुरू केलं नाही, नुसता इकडेतिकडे बघत बसलो. त्यामुळे हे नीट जमावं असं फार वाटतंय. अडचणी अशा:

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सेसना १७२ घेतलं तर डोकं कुठेही नेता येतं, दाराच्या काचेतून बाहेरसुद्धा. पण मी जास्त उडवतो ते दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं सिम. त्यात उतरताना नाकाच्या बाजूने धावपट्टी बघायला डावीकडे कललो की एका ठरावीक जागी चित्र थांबतं. माझं डोकं अजून सरकत असतं, पण आता कॉकपिटही माझ्याबरोबर सरकायला लागतं. त्याच क्षणी पोटात ढवळतं. कधी कधी तर नुसतं मागे टेकून बसलो तरी असंच होतं.

दुसरं, बराच वेळ उडवलं की कॉकपिट हळूहळू पुढे आणि जरासं उजवीकडे गेलेलं असतं. हातातली स्टिक आणि डोळ्यांना दिसणारी स्टिक यांत वीतभर अंतर पडतं.

तिसरं, उजव्या खांद्यावरून मागे बघायला गेलो की मधूनच पडदा काळा होतो आणि दोन-तीन सेकंदांनी परत येतो. डावीकडे वळताना असं कधीच होत नाही.

आणि मान. मॉनिटरवर हेड ट्रॅकर होता तेव्हा जरा मान हलवली की शेपटीपर्यंत दिसायचं. आता खरोखर मागे वळावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी मान आखडलेली असते.

एका दुकानात दाखवलं तर म्हणाले ट्रॅकिंग गेलंय, फॅक्टरी रीसेट मारा, नाहीच झालं तर विकून टाका. रीसेट करण्याआधी इथे विचारतोय. डोकं हलवायची ही मर्यादा नक्की कोण घालतं?

---

जुना फिटर (नाशिक)

रीसेट अजिबात मारू नकोस. वाचताक्षणी दिसतंय की तुझ्या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि रीसेटने त्यातली एकही जाणार नाही. उलट बाउंडरी, कंट्रोलर, पीसीची जोडणी सगळं नव्याने करत बसशील.

हवाई दलात मी इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. एअरस्पीडचा काटा चुकीचा दाखवतोय अशी तक्रार आली की आधी ठरवायचं, काटा चुकतोय, नळी चुकतेय की नळीत येणारा दाबच चुकतोय. नळीत पाणी साचलेलं असताना काटा बदलला तर नवा काटाही तेच खोटं सांगणार. इथे सिम, हेडसेट आणि तू बसतोस ती जागा, अशी तीन ठिकाणं आहेत. कोणतं सेटिंग बदलायचं ते नंतर, आधी दोष या तिन्हींपैकी कुठे आहे ते काढ.

चाचणी सोपी आहे. विमान धावपट्टीवर उभं कर, इंजिन बंद. पॅनेलवरच्या अल्टिमीटरवर नजर ठेव आणि हळूहळू पुढे वाक. अल्टिमीटर मोठा होत जवळ येत राहिला तर सगळं ठीक. थोडा जवळ आला आणि मग एका जागी अडकून तुझ्या डोक्याबरोबर पुढे पळायला लागला, तर ती सिमने घातलेली मर्यादा. आणि पहिल्या इंचापासूनच जवळ आला नाही, पण मान वळवल्यावर चित्र व्यवस्थित वळतंय, तर हेडसेटला स्वतःची दिशा कळतेय, जागा कळत नाहीये. याला म्हणायचं ट्रॅकिंग गेलं.

हा तिसरा प्रकार का होतो ते तुला लगेच समजेल. हेडसेटमधले जायरो डोकं कुठे वळलं ते अचूक सांगतात. पण डोकं किती सरकलं हे अ‍ॅक्सिलरोमीटरवरून काढायचं तर त्वरणाचं दोनदा इंटिग्रेशन करावं लागतं, आणि त्यातली बारीकशी चूक काही सेकंदांत हातभर होते. म्हणून जागेसाठी कॅमेरे लागतात. कॅमेऱ्यांना काही दिसेनासं झालं की उरते ती फक्त दिशा. ऑक्युलसचा २०१३ चा पहिला डेव्हलपर किट तसाच होता, मान वळलेली कळायची, वाकलेलं कळायचं नाही. २०१४ च्या दुसऱ्या किटबरोबर समोर ठेवायचा कॅमेरा आला आणि मग वाकून बघता येऊ लागलं.

आता तुझ्याच प्रश्नात उत्तर आहे बघ. सेसनात तुझं डोकं दाराबाहेर जातंय. म्हणजे हेडसेटला जागा उत्तम कळतेय. दुकानदाराचं निदान तिथेच संपलं. अडकतंय ते दुसऱ्या सिममध्ये, म्हणजे मर्यादा त्या सिमची.

ही मर्यादा का घालतात ते सांगतो, कारण लोक त्यावर चिडतात आणि मला तिच्यात तथ्य वाटतं. खऱ्या विमानात डोक्याला मर्यादा असते ती काचेची. मेसरश्मिट १०९ ची कॅनॉपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) इतकी अरुंद की वैमानिकाचं डोकं जेमतेम मावायचं, आणि डोक्यामागे पोलादी चिलखत. मागचं काही दिसायचं नाही, म्हणून पुढच्या आवृत्त्यांत त्या जागी जाड चिलखती काच बसवली. स्पिटफायरला बाहेर फुगवलेली माल्कम हूड आली, ती नंतर मस्टँगच्या बी आणि सी प्रकारांवरही बसवली, ते एवढ्याचसाठी की डोकं काही इंच बाहेर काढून मागे बघता यावं. मस्टँग डी ला तर पूर्ण बुडबुड्यासारखी कॅनॉपीच दिली. त्या काही इंचांसाठी कारखान्यांनी केवढी खटपट केली! सिमने सगळ्यांनाच काचेतून डोकं बाहेर काढू दिलं तर १०९ आणि मस्टँग यांच्यातला हा फरकच पुसला जातो.

पण मर्यादा घालायची पद्धत मात्र चुकीची आहे, हे माझं ठाम मत. मॉनिटरवर चित्र थांबलं तर काही बिघडत नाही. व्हीआरमध्ये डोकं सरकलंय हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळलेलं असतं, आणि डोळे सांगतात सरकलं नाही. पोटात ढवळतं ते यामुळे. डोकं काचेबाहेर गेलं की चित्र काळं करावं, पण डोक्याबरोबर जग ओढू नये. तुझ्या सिममध्ये असा पर्याय असेल तर तोच निवड. नसेल तर मर्यादेच्या अलीकडे थांबायची सवय लावावी लागेल.

आता "नुसतं मागे टेकलो तरी अडकतं" याबद्दल. तू व्ह्यू रीसेंटर (बघायची मूळ जागा नव्याने ठरवणं) कसा करतोस? बहुतेक जण कीबोर्डवर वाकून कळ दाबतात. त्या क्षणी डोकं जिथे असतं ती जागा सिम "वैमानिक ताठ बसलाय" म्हणून धरतं. मग तू मागे टेकलास की सिमच्या हिशेबाने तुझं डोकं हेडरेस्टच्या आत घुसलं, मागची मर्यादा लागलीच. शिवाय कळ दाबताना मान जराशी तिरकी असेल तर सिमचं "समोर" आणि तुझं समोर यांच्यात तेवढा कोन राहतो, आणि सरळ डावीकडे कललास तरी सिमला ते डावीकडे-अधिक-पुढे वाटतं.

म्हणून रीसेंटर जॉयस्टिकच्या बटणावर घे. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये मुळात स्पेसबारवर असतो, डीसीएस नावाच्या सिममध्ये नमपॅडच्या ५ वर. हेडसेटचा स्वतःचा रीसेंटर वेगळा, सिमचा वेगळा. आधी हेडसेटचा कर, मग विमानात बसून, पाठ टेकून, पाय पेडलवर, नजर क्षितिजावर, श्वास सोडून सिमचा.

कॉकपिट पुढे सरकण्याचं कारण मी पैजेवर सांगतो, पण तू स्वतः खात्री कर. तुझ्या खुर्चीला चाकं आहेत का? असतील तर खुर्चीच्या चाकांपाशी फरशीवर चिकटपट्टीचे तुकडे लाव आणि उडव. उतरल्यावर हेडसेट काढून आधी पट्ट्या बघ. चाकं पट्ट्यांवरून मागे गेलेली असतील तर कॉकपिट जागेवरच आहे, तू मागे गेलायस. मस्टँगसारख्या विमानाला टेकऑफला उजवा रडर जोरात लागतो. उजव्या पायाने दाबलं की गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे जाते आणि थोडी फिरतेही. पट्ट्या जागच्या जागी असतील आणि तरी कॉकपिट सरकलं असेल, तरच कॅमेऱ्यांकडे बघायचं.

काळ्या पडद्याचं: केबल हेडसेटच्या कोणत्या बाजूला लागते? क्वेस्टसारख्या हेडसेटना ती डाव्या बाजूला असते. उजवीकडे मान वळवली की हेडसेटची डावी बाजू पुढे जाते आणि मागून येणारी केबल ताणली जाते. प्लग केसभर हलला तरी जोडणी तुटते आणि पुन्हा लागायला दोन-तीन सेकंद जातात. तू सांगतोस तेवढेच. केबल डोक्यामागच्या पट्ट्याला वेल्क्रोने बांध आणि प्लग ते वेल्क्रो या टप्प्यात बोटभर सैल वळसा ठेव. ताण पट्ट्याला बसला पाहिजे, प्लगला नाही.

एका वेळी एकच बदल कर आणि लिहून ठेव. मानेचं इथल्या फिजिओताईंना विचार, त्या माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.

---

ठाण्याची घार

काकांनी हाक मारलीच आहे तर. मी फिजिओथेरपिस्ट, आणि काँडॉर या सिमवर ग्लायडर उडवते. ग्लायडरमध्ये तर बघणं हेच अर्धं काम. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला खऱ्या ग्लायडरमध्ये बसले होते तेव्हा वळणाआधी त्या बाजूला मान वळवून पूर्ण बघितल्याशिवाय स्टिक हलवायची नाही, हे पहिलं शिकवलं गेलं.

कृष्णाकाठ, तुझी मान दोन कारणांनी आखडतेय. एक, निरोगी तरुण माणसाची मान एका बाजूला साधारण ७० ते ८० अंश वळते. त्याच्या पुढे शेपटी बघायची तर वळण छातीच्या मणक्यातून आणि कमरेतून यायला हवं. मॉनिटरवर हेड ट्रॅकर वापरून तुला छाती हलवायची सवयच राहिलेली नाही, त्यामुळे सगळं काम मान करते आणि शेवटच्या दहा-पंधरा अंशांत सांधे दाबले जातात. दोन, खऱ्या आयुष्यात बाजूला बघताना आपण आधी डोळे फिरवतो. हेडसेटमध्ये लेन्सच्या कडेला चित्र धूसर होतं, म्हणून डोळ्यांऐवजी दर वेळी मान फिरवली जाते. त्यात समोर लटकलेलं वजन. क्वेस्ट २ चं वजन ५०३ ग्रॅम, क्वेस्ट ३ चं ५१५, आणि ते जवळजवळ सगळं चेहऱ्यापुढे. कवटीच्या तळाशी जे छोटे स्नायू आहेत ते हे वजन पूर्ण वेळ तोलून धरतात. तू दुखणारी जागा बोटाने दाखवलीस तर ती केसांच्या रेषेखाली, दोन्ही बाजूंना असणार.

म्हणून मागे बघताना क्रम बदल. आधी छाती वळव, मग खांदा, शेवटी मान. डाव्या खांद्यावरून बघायचं असेल तर डावा हात थ्रॉटलवरून काढून खुर्चीच्या मागच्या कडेला धर आणि स्वतःला हलकेच ओढ. लढाऊ वैमानिकही कशाला तरी धरूनच वळतात, एफ/ए-१८ च्या कॅनॉपीच्या चौकटीला त्यासाठी धरायच्या कड्या असतात. हनुवटी वर करून मागे बघू नकोस, हनुवटी थोडी आत ठेवूनच वळ. हेडसेटच्या मागे बॅटरी असलेला पट्टा मिळाला तर वजन मागे-पुढे सारखं होतं. एकूण वजन वाढूनही मानेला बरं वाटतं, हे माझ्या स्वतःच्या मानेवरून सांगते.

आणि उडवण्याच्या आधी नाही, उडवून झाल्यावर दोन मिनिटं दे. खुर्चीतच बसून हात छातीवर घडी घालून दोन्ही बाजूंना सावकाश धड वळव. दुखत असताना मात्र उडवू नकोस. हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणं खांद्याखाली उतरत असेल तर सिम बंद ठेवून डॉक्टरांना दाखव.

थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) मी सतत एकाच बाजूला गिरक्या घेत असे, कारण तिकडे बघणं सोपं वाटायचं. आता मोकळा थर्मल मिळाला की मुद्दाम दुसऱ्या बाजूने वळते. आधी कोणी त्यात असेल तर मात्र त्याच्याच दिशेने वळायचं, तो नियम सिममध्येही पाळायचा.

---

दोन किनारे (कॅलिफोर्निया)

एक बारीक गोष्ट जोडतो, कारण हेडसेट अमेरिकेतून आलाय. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी नावाचा पर्याय असतो: ऑटोमॅटिक, ५० हर्ट्झ, ६० हर्ट्झ. तो घरातल्या दिव्यांच्या लुकलुकण्यासाठी आहे. इकडची वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडची ५० ची. मामेभावाने हाताने ६० करून ठेवला असेल तर सांगलीच्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्यांना चित्र कमी-जास्त उजेडाचं दिसत राहील. ५० करून टाक. तुझ्या हेडसेटला हा पर्याय नसेल तर सोडून दे.

खोलीचंही बघ. हे कॅमेरे भिंतीवरचे कोपरे, कडा, नक्षी यांना धरून जागा ओळखतात. समोर कोरी पांढरी भिंत असेल तर धरायला काही नसतं. कॅलेंडर, नकाशा, पोस्टर काहीही लाव. मोठा आरसा असेल तर झाक. दिवाळीच्या माळा लावल्या असतील तर उडवताना बंद कर, कंट्रोलरवरच्या दिव्यांशी त्यांचा घोळ होतो. आणि हेडसेट खिडकीपाशी उन्हात लेन्स वर करून कधीही ठेवू नकोस. लेन्स ऊन एकवटतात आणि आतला पडदा जळतो. तो डाग कायमचा, रीसेटने काय कशानेच जात नाही.

पीसीवर दोन जागा तपासून घे. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधला यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद कर, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवण्यासाठी बंद करू दे" ही खूणही काढ. केबल मागच्या बाजूच्या यूएसबी ३ पोर्टला, थेट मदरबोर्डवर. पुढच्या पोर्टला किंवा हबला नको.

चित्र थरथरत असेल तर तो तिसराच विषय. ९० हर्ट्झला प्रत्येक फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात. कार्डाला ते जमलं नाही की रीप्रोजेक्शन सुरू होतं, सिम ४५ फ्रेम देतं आणि मधल्या फ्रेम हेडसेटचं सॉफ्टवेअर बनवतं. डोकं वळवताना मग प्रोपेलरच्या किंवा कॅनॉपीच्या चौकटीच्या कडा पाण्यातून बघितल्यासारख्या हलतात. लोक त्यालाही ट्रॅकिंगचा दोष समजतात. ७२ हर्ट्झवर उतरून बघ, १३.९ मिलिसेकंद मिळतात, बऱ्याच कार्डांना तेवढा फरक पुरतो. ओपनएक्सआर रनटाइम (सिम आणि हेडसेट यांना जोडणारं सॉफ्टवेअर) कोणता चालू आहे तेही पाहा. हेडसेटच्या कंपनीचा आणि स्टीमव्हीआरचा, असे दोन्ही एकावर एक चालत असतील तर विनाकारण ओझं पडतं.

---

पेणचा पायलट

मधे बोलतो, माफ करा. एचपीचा रिव्हर्ब जी२ जुना, बऱ्यापैकी स्वस्तात मिळतोय. दर डोळ्याला २१६० गुणिले २१६० पिक्सेल म्हणजे काटे स्वच्छ दिसतील. घ्यावा का?

---

दोन किनारे (कॅलिफोर्निया)

तुझ्या पीसीवर विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर विचार करून घे. जी२ विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालतो आणि मायक्रोसॉफ्टने २४एच२ पासून तो भागच काढून टाकला. विंडोज १० वर किंवा २३एच२ वर अजून चालतो. स्टीमवर ओएसिस नावाचा मोफत ड्रायव्हर आहे, त्याने नव्या विंडोजवरही चालवता येतो, पण फक्त एनव्हिडियाच्या कार्डावर. एएमडी असेल तर घेऊ नकोस. पडदा मात्र खरोखर सुरेख आहे.

---

कृष्णाकाठ (सांगली)

काका, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करून पाहिलं आणि लिहून ठेवलं.

अल्टिमीटरची चाचणी केली. सेसनात काच नाकाला लागेल इतका जवळ येतो. दुसऱ्या सिममध्ये थोडा येतो आणि मग पुढे पळतो. म्हणजे सिमचीच मर्यादा.

पट्ट्या लावून मस्टँग उडवलं. हेडसेट काढून खाली बघितलं तर पुढची दोन्ही चाकं पट्ट्यांच्या मागे, आणि खुर्चीचं तोंड डावीकडे वळलेलं. म्हणून कॉकपिट पुढे आणि उजवीकडे! चाकं काढून टाकली आणि खुर्चीचा पाया व पेडलची फळी सामानाच्या पट्ट्याने एकमेकांना बांधली. तेव्हापासून स्टिक जिथल्या तिथे आहे.

केबल बांधली. बांधण्याआधी मुद्दाम उजवीकडे मान वळवून हाताने प्लग चाचपला, खरंच ताण प्लगवरच येत होता. आता पडदा काळा होत नाही. रीसेंटर स्टिकच्या अंगठ्याखालच्या बटणावर घेतलाय, पाठ टेकूनच दाबतो. टेकल्यावर अडकायचं पूर्ण थांबलं. ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी खरंच ६० वर होती. ५० केल्यावर ठळक फरक जाणवला नाही, पण ठेवलीय ५० वरच.

ताई, दुखणारी जागा तुम्ही सांगितली तीच, केसांच्या रेषेखाली. छाती आधी वळवायचं अजून अंगवळणी पडायचंय.

उरलं ते डावीकडे कलल्यावर अडकणं. सिममध्ये काळं करण्याचा पर्याय सापडला नाही. मग धावपट्टी दिसणार कशी? आणि एक्सआरनेकसेफर नावाचं काहीतरी लोक वापरतात, ते मानेसाठी घ्यावं का?

---

जुना फिटर (नाशिक)

खुर्चीचं तोंड वळल्याचं निरीक्षण छान टिपलंस.

धावपट्टीचं उत्तर डोक्यात नाही, विमानात आहे. लांब नाकाच्या विमानांत खऱ्या वैमानिकांनाही समोरचं दिसत नव्हतं. स्पिटफायर सरळ रेषेत उतरायला आणतच नाहीत, धावपट्टीपर्यंत वळत वळत आणतात आणि अगदी शेवटी पंख सरळ करतात. वळणात धावपट्टी नाकाच्या बाजूला राहते, डोकं जेमतेम चार बोटं कलवावं लागतं. जमिनीवरही तसंच, नागमोडी टॅक्सी करायची, एकदा डावीकडून बघायचं, एकदा उजवीकडून. डाव्या वळणाने बेस लेगवरून (उतरण्याआधीच्या, धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) सरळ धावपट्टीच्या तोंडापर्यंत ये, मधे फायनलचा लांब सरळ पट्टा ठेवूच नकोस. मागचं बघायलाही तेच. शेपटीमागे थेट कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून थोडं इकडे, थोडं तिकडे वळत राहायचे, म्हणजे आंधळा कोपरा आलटूनपालटून उघडतो. सतत मान वळवून कॉलर घासते म्हणून रेशमी स्कार्फ घालायचे ते लोक.

हे डीसीएसमध्ये करून बघायचं असेल तर टीएफ-५१डी (मस्टँगचाच एक प्रकार) मोफत मिळतं, बुडबुड्याची कॅनॉपी आणि लांब नाक दोन्ही त्यात आहेत.

एक्सआरनेकसेफर वापरायला हरकत नाही, मी वापरतो. माझ्या वयाला मान तेवढी वळत नाही आणि त्यासाठी उडवणं सोडणार नाही. ते ओपनएक्सआरवर चालणाऱ्या सिममध्ये मधे बसतं आणि तुझी मान ठरावीक कोनापुढे गेली की चित्र स्वतःहून आणखी काही अंश फिरवतं. हळूहळू फिरवण्याचाही पर्याय आहे, पण मला तो सोसत नाही. एकदम टप्प्याने फिरलेलं बरं. एका झटक्यात झालेला बदल डोळे सोडून देतात, सावकाश सरकणारं जग मात्र पोटाला जाणवतं. हे माणसागणिक वेगळं असतं, दोन्ही करून बघ.

त्यात चालू होण्याचा कोन आणि बंद होण्याचा कोन असे दोन आकडे असतात. ते जवळजवळ ठेवू नकोस, नाहीतर सीमेवर मान जराशी हलली तरी चित्र पुढे-मागे उड्या मारतं. ६० अंशांना चालू, ५० ला बंद, आणि जादा वळण ३० अंशांचं, इथून सुरुवात कर. वळल्यावर डोकं थोडं बाजूला सरकवण्याचीही सोय त्यात आहे, हेडरेस्टच्या पलीकडचं बघायला ती कामाची. पण तुझ्या सिममध्ये मर्यादा आहे, तेव्हा तो आकडा आधी शून्य ठेव आणि मग थोडा थोडा वाढव.

उतरताना मात्र ते आपोआप चालू राहू देऊ नकोस. बेस लेगवर धावपट्टीकडे बघताना मान साठच्या आसपासच असते, आणि नेमक्या त्या वेळी चित्र उडालं तर वळणाचा अंदाज जातो. आपोआपचं बंद करून जादा वळण स्टिकच्या एका बटणावर घे. रीसेंटरच्या बटणापासून लांबच्या.